‘नंतर सांगते’ म्हणू नका: कर्णबधिर माणसासोबत घर, शाळा, दवाखाना आणि कचेरी

हा लेख ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. तान्ह्या बाळाला ऐकू येत नसल्याचं ज्यांना नुकतंच कळलंय असे आईवडील, ज्यांचा दीर किंवा सून कर्णबधिर आहे अशी घरातली माणसं, शेजारी, शिक्षक, ऑफिसातले सहकारी. माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. त्याची बायकोही कर्णबधिर आहे, त्यांच्या मुलीला ऐकू येतं. त्यांच्यासोबत राहून आणि त्यांच्या कामांसाठी खेपा घालून जे हाती लागलं, ते इथे क्रमाने मांडते.

पुढच्या प्रत्येक गोष्टीला एकच कसोटी लावा: बोलणं चालू असतानाच ते त्या माणसापर्यंत पोहोचतंय का? सगळं संपल्यावर दोन वाक्यांत सार सांगितलं की आपल्याला बरं वाटतं. त्याच्या वाट्याला मात्र घरातलं, शाळेतलं, ऑफिसातलं सगळंच दोन-दोन वाक्यांत येतं, आणि तेही शिळं झाल्यावर.

तपासणी: वाट बघू नका

‘त्याचे बाबाही उशिराच बोलले’ हे वाक्य आपल्याकडे फार मुलांना महागात पडलं आहे. जगभर पाळला जाणारा हिशेब सोपा आहे: पहिल्या महिन्यात प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना सुरू. ताटली वाजवून किंवा दार आपटून केलेल्या घरगुती परीक्षेवर विसंबू नका. जमिनीची थरथर, हवेची झुळूक किंवा नुसती तुमची हालचाल जाणवूनही बाळ दचकतं.

प्रसूती झालेल्या रुग्णालयात ‘ओएई’ चाचणी होते का, ते विचारा. बाळ झोपलेलं असताना कानात छोटं टोक घालून ती होते, अजिबात दुखत नाही. त्यात शंका आली तर ‘बेरा’ चाचणी करतात. तीत कानापासून मेंदूपर्यंत आवाजाचा संदेश पोहोचतो का, ते कळतं. बाळ काविळीमुळे किंवा कमी दिवसांचं जन्मल्यामुळे अतिदक्षता विभागात राहिलं असेल, तर ओएई ठीक आली तरी बेराबद्दल डॉक्टरांना विचारा. कान व्यवस्थित पण नसेकडून अडचण, असंही असतं आणि ते एकट्या ओएईत दिसत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी होते, त्यासाठी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ पासून ती याच कामासाठी आहे.

रिपोर्टात डेसिबलचा आकडा असतो. बोलण्याच्या पट्टीतले आवाज दोन्ही कानांना ७० डेसिबलच्या आत ऐकू येत नसतील, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते ‘कर्णबधिर’ या वर्गात येतं. ६० ते ७० च्या मध्ये असेल तर ‘ऐकण्यास कमी’ या वर्गात. हा कायद्याचा हिशेब झाला. त्याच्या खालची, ४०-५० डेसिबलची उणीवही वर्गात बसलेल्या मुलाला अर्धे शब्द चुकवायला लावते, तेव्हा ‘फार नाही हो’ ऐकून परत येऊ नका.

भाषा: यंत्रासोबतच, यंत्रानंतर नाही

इथे जरा थांबून लिहिते, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं.

निदान झालं की घरातली सगळी शक्ती श्रवणयंत्रावर किंवा कॉक्लिअर इम्प्लांटवर, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्रावर, लागते. ते करायलाच हवं. पण यंत्र मिळेपर्यंत, त्याची सवय होईपर्यंत, थेरपीचा गुण येईपर्यंत महिने आणि वर्षं जातात, आणि त्या काळात मुलाकडे कुठलीच भाषा नसते. ते भूक लागल्याचं दाखवू शकतं, पण ‘काल आपण गेलो होतो तिथे पुन्हा कधी जायचं?’ हे विचारू शकत नाही. भाषा रुजण्याची पहिली चार-पाच वर्षं अशी कोरडी गेली तर पुढे वाचन, गणित, स्वतःच्या भावना समजणं, सगळंच अवघड होतं. म्हणून पहिल्या दिवसापासून हाताने बोला. खुणांची, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा शिकली तर मूल तोंडाने बोलणार नाही, ही भीती निराधार आहे. खुणांनी भाषेचा पाया मिळालेलं मूल बोलायला शिकताना त्याच पायावर उभं राहतं, आणि यंत्राचा उपयोग कमी झालाच तर मुकं राहत नाही.

कुठून शिकायचं? दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा व्हिडिओ-कोश काढला, तो २०२१ पर्यंत १०,००० शब्दांवर गेला. तो मोफत बघता येतो. अली यावर जंगमध्ये वर्गही होतात. पण कोशातून शब्द येतात, बोलणं येत नाही. ते शिकायला कर्णबधिर मोठ्या माणसासोबत बसावं लागतं. जवळच्या कर्णबधिर शाळेत जाऊन तिथल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आठवड्यातून एकदा घरी येईल का, ते विचारा आणि त्याला शिकवणीचे पैसे द्या. मुलालाही मोठेपणी आपण कसे असू, याचं चित्र पहिल्यांदा त्याच्यात दिसतं.

सुरुवात रोजच्या वीस-पंचवीस खुणांनी करा: दूध, पाणी, अजून, संपलं, झोप, आई, बाबा, आजी, बाहेर, दुखतंय, गरम, कुठे, काय, कोण. प्रत्येक खूण कामाच्या वेळी, वस्तू समोर असताना, मुलाची नजर तुमच्यावर असताना करा. चेहरा मोकळा ठेवा. या भाषेत भुवया आणि मान हे व्याकरण आहे: हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारतात, निर्विकार चेहऱ्याने केलेली तीच खूण साधं विधान होते. मराठी माणसाला एक गोष्ट सोपी जाईल. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, ‘तू नाव काय’, ‘दवाखाना कुठे’. इंग्रजी अक्षरं दोन हातांनी दाखवतात, नावं आणि पत्ते सांगायला ती लागतात. शब्दांच्या खुणा गावोगावी थोड्या बदलतात. तुमच्या भागातले कर्णबधिर जी करतात तीच घ्या.

आजी-आजोबांना वगळू नका. ‘आता या वयात काय शिकायचं’ असं ते म्हणतील. दिवसभर नातवंडासोबत तेच असतात, तेव्हा पहिल्या दहा खुणा त्यांनाच यायला हव्यात.

यंत्राची निगा

कानामागचं श्रवणयंत्र रोज सकाळी घालण्याआधी तपासा. दुकानातून स्टेथोस्कोपसारखी ऐकायची नळी मिळते. ती लावून स्वतः ऐका, खरखर किंवा तुटक आवाज येत नाही ना? मग यंत्र मुलाला घालून, तोंड झाकून सहा आवाज काढा: म, ऊ, आ, ई, श, स. खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत बोलण्याचे आवाज यांत येतात. प्रत्येक आवाजाला मूल हात वर करतं का, मणी टाकतं का, बघा. कालपर्यंत ‘स’ ऐकणारं मूल आज ऐकत नसेल तर बॅटरी, कानात बसणारा साचा किंवा कान यांपैकी कुठेतरी बिघाड आहे.

बॅटरीवरची चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मगच यंत्रात घाला. अशाने ती पुरते. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा. कोकणातल्या, गोव्यातल्या पावसात हे चुकवलं तर जुलैअखेर यंत्र दुरुस्तीला जातं. वाढत्या वयात कानाचा साचा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. ही शिट्टी नव्या साच्याची वेळ झाल्याची खूण आहे, आवाज कमी करून दाबू नका.

इम्प्लांटचा विचार असेल तर केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेत जन्मजात कर्णबधिर असलेल्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मदत आहे. अली यावर जंग ही त्याची नोडल संस्था आहे. शस्त्रक्रियेआधी लेखी विचारा: वॉरंटी किती वर्षांची, नंतर वायर, कॉइल, प्रोसेसर (बाहेरून घालायचं यंत्र) यांची किंमत काय, मॅपिंग (यंत्राचा आवाज मुलाला जुळवून देणं) कुठे होणार, एमआरआयला काय बंधन. शस्त्रक्रिया फुकट झाली पण चौथ्या वर्षी प्रोसेसर बंद पडला आणि नवा घ्यायला पैसे नाहीत, अशी घरं मी पाहिली आहेत. त्या मुलांना तेव्हा खुणाही येत नव्हत्या.

घर: जेवणाचं ताट आणि कुकरची शिट्टी

आमच्याकडे रात्रीची जेवणं एकत्र व्हायची. बाबा काहीतरी गमतीचं सांगत, सगळे हसत, आणि भाऊ एक क्षण उशिरा, आमच्या चेहऱ्यांकडे बघून हसायचा. काय झालं म्हणून विचारलं की आई म्हणायची, ‘काही नाही रे, नंतर सांगते, जेव.’ नंतर कधीच यायचं नाही, कारण नंतर भांडी असायची. आईची माया कमी नव्हती. पण एका खोलीत बसून तो घराबाहेर असायचा.

हे बदलायला खर्च काही लागत नाही. जेवायला गोल किंवा समोरासमोर बसा, सगळ्यांचे चेहरे त्याला दिसले पाहिजेत. एका वेळी एकानेच बोलायचं, आणि बोलण्याआधी हात थोडा वर करायचा म्हणजे त्याची नजर तिकडे वळते. घास तोंडात घेऊन बोलायचं नाही. खिडकी किंवा दिवा बोलणाऱ्याच्या पाठीमागे आला तर तोंडावर अंधार होतो, तेव्हा जागा बदला. रोज आळीपाळीने एक जण चालू बोलणं खुणांनी सांगणार, असं ठरवून टाका. खूण येत नसेल तर बोटाने हवेत अक्षरं काढून किंवा मोबाइलवर टंकून दाखवा. ज्याच्या ते लक्षात राहत नाही त्याला दुसऱ्याने आठवण करायची. ‘काही नाही’ हे उत्तर घरातून हद्दपार करा. फालतू गप्पा असतील तर फालतू गप्पा सांगा. फालतू काय आणि महत्त्वाचं काय, ते त्याचं त्याने ठरवायचं.

हाक मारायच्या रीती: खांद्यावर हलका हात, दिव्याचं बटण दोनदा, लाकडी फरशी असेल तर पाय आपटणं, लांबून हात हलवणं. मागून येऊन पाठीवर थाप नको, आणि काही फेकून मारणं तर नाहीच. दोघं खुणांनी बोलत असताना मधून जायचं असेल तर सरळ निघून जा. ‘सॉरी, सॉरी’ करत वाकून मध्ये थांबलात तर जास्त अडथळा होतो.

दारासाठी लखलखणाऱ्या दिव्याची बेल मिळते, गावातला इलेक्ट्रिशियनही बेलच्या तारेला हॉल आणि स्वयंपाकघरात एकेक दिवा जोडून देतो. सकाळच्या गजरासाठी उशीखाली थरथरणारं घड्याळ. अँड्रॉइडमधली साउंड नोटिफिकेशन्स सोय आणि आयफोनमधली साउंड रेकग्निशन दारावरची बेल, वाहतं पाणी, बाळाचं रडणं ओळखून फोन किंवा मनगटावरचं घड्याळ थरथरवते. माझी वहिनी कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही. शिट्टी वर उचलली जाताना झाकणावर वाफेचा फवारा उडतो, तो तिला ओट्याच्या दुसऱ्या टोकावरून दिसावा म्हणून तिने शेगडी खिडकीकडून भिंतीकडे घेतली आणि वर पांढरा दिवा लावला. डाळीला मनगटावर टायमर. सासूबाई तिच्याकडे येऊन ‘चौथी झाली ग’ म्हणून सांगायच्या. हळूहळू त्यांचं सांगणं थांबलं, कारण गरजच राहिली नाही.

शाळा

कर्णबधिर मुलांची वेगळी शाळा की नेहमीची शाळा, यावर ठाम उत्तर देणाऱ्यांपासून सावध राहा. मुंबईत माझगावला १८८० च्या दशकात देशातली पहिली कर्णबधिर शाळा सुरू झाली. आज महाराष्ट्रात अशा शाळा बऱ्याच जिल्ह्यांत आहेत, पण सगळ्या एकसारख्या नाहीत. शाळा बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका, मधली सुट्टी बघा. मुलं एकमेकांशी मोकळी बोलतायत का? शिक्षकांना त्यांचं बोलणं समजतंय का? वर्गात खुणांना मनाई आहे का? शिक्षकांत स्वतः कर्णबधिर कोणी आहे का? दहावीला किती मुलं बसतात आणि त्यानंतर कुठे जातात? शेवटच्या प्रश्नावर मुख्याध्यापक किती वेळ बोलतात, त्यावरून बरंच कळतं.

नेहमीच्या शाळेत घातलंत तर वर्षाच्या सुरुवातीला वर्गशिक्षकांना भेटून चार गोष्टी लेखी द्या. मूल पुढच्या बाकावर, पण जरा कडेला बसेल, म्हणजे वळून वर्गमित्रांची तोंडंही त्याला दिसतील. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, आधी लिहा, मग वळून बोला. दुसऱ्या मुलाने दिलेलं उत्तर शिक्षकांनी परत म्हणायचं. तोंडी श्रुतलेखन, ऐकण्याची परीक्षा, कविता पाठांतर यांना पर्याय द्यायचा. घरी धडा आदल्या दिवशी वाचून घेतलात तर वर्गात ओठ वाचायचं काम निम्मं हलकं होतं.

लक्षणीय (४० टक्के किंवा जास्त) दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि भाषाविषयांत सवलत मिळते, पण ती आपोआप मिळत नाही. प्रमाणपत्र जोडून शाळेने प्रस्ताव पाठवावा लागतो. नववीतच मुख्याध्यापकांच्या मागे लागा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात भारतीय सांकेतिक भाषा हा दहावीच्या पातळीवरचा विषय म्हणूनही घेता येतो.

कागद

सगळ्याचं मूळ यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर फोटो, सही किंवा अंगठा, आधार घालून अर्ज करायचा, रुग्णालय निवडायचं, मग तपासणीला जायचं. लहान मुलाच्या तपासणीला बेराचा ताजा रिपोर्ट सोबत न्या, नाहीतर दुसरी तारीख मिळते. ४० टक्के आणि त्यावर असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. पुढच्या दहा कचेऱ्यांत हीच अडचण येते.

कार्डाने काय मिळतं? एसटीत भाड्यात ७५ टक्के सवलत. रेल्वेत, ऐकू न येणं आणि बोलता न येणं दोन्ही असेल तर द्वितीय, शयनयान आणि प्रथम वर्गात ५० टक्के, त्यासाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढून ठेवा. मुंबई लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं, पण दिव्यांगत्व दिसत नसल्याने लोक ओरडतात. कार्ड गळ्यात अडकवा, किंवा ‘मी कर्णबधिर आहे, हे माझं कार्ड’ असा फोटोसकट वॉलपेपर फोनला लावा. जुन्या करप्रणालीत १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०यू खाली ७५,००० रुपयांची वजावट आहे, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची. आईवडिलांसाठी अशीच वजावट ८०डीडी खाली आहे, पण एकाच दिव्यांग व्यक्तीसाठी दोन्ही वजावटी मिळत नाहीत. ‘निरामय’ हा सरकारी आरोग्य विमा मात्र ज्यांना केवळ ऐकू न येण्याची अडचण आहे त्यांना मिळत नाही. एजंटाने सांगितलं तरी पैसे देऊ नका.

गाडी चालवता येते का, हा प्रश्न हमखास येतो. येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये रस्ता मोकळा केला आणि केंद्रीय मंत्रालयाने २०१६ मध्ये राज्यांना तसं कळवलं. आरटीओत नाही म्हणाले तर नकार लेखी मागा.

दवाखाना, बँक, पोलिस चौकी

दवाखान्यात पहिला अडथळा केस पेपरच्या खिडकीवर येतो: नाव पुकारतात. कागदावर मोठ्या अक्षरात ‘कर्णबधिर, हात करून बोलवा’ असं लाल पेनने लिहून घ्या. डॉक्टरांना मास्क खाली घ्यायला सांगा, जमत नसेल तर लिहून. एक्स-रेला ‘श्वास रोखा’ काचेपलीकडून सांगतात. आधीच ठरवा, दिवा लागला की रोखायचा, गेला की सोडायचा. भूल देण्याआधी श्रवणयंत्र अगदी शेवटी काढायचं आणि शुद्धीवर येताच आधी लावायचं, हे परिचारिकेला लिहून द्या. बाळंतपणात कळ द्यायची खूण डॉक्टरांशी आदल्या महिन्यात ठरवा.

ऐकू येणाऱ्या मुलाला दुभाषी बनवू नका. माझी भाची आठ वर्षांची असल्यापासून तिला बँकेत आणि दवाखान्यात पुढे केलं जायचं. आपल्या आईच्या गर्भाशयाबद्दल डॉक्टर काय म्हणतात, हे पोरीने सांगायचं का? शिकलेला दुभाषी घ्या. दुभाष्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, प्रत्यक्ष येणं जमत नसेल तर व्हिडिओवरून दुभाषी मिळतो. त्याला दोन दिवस आधी कळवा, विषय सांगा, मानधन आधी ठरवा. तासाभरापेक्षा जास्त काम असेल तर दोघं लागतात, कारण हात आणि डोकं दोन्ही दमतं. बोलताना दुभाष्याकडे बघू नका. ‘त्याला विचारा कुठे दुखतं’ असं न म्हणता कर्णबधिर माणसाकडे बघून ‘तुम्हाला कुठे दुखतं?’ असं विचारा.

दुभाषी नसेल तेव्हा बोलणं लगेच अक्षरांत दाखवणारं लाइव्ह ट्रान्स्क्राइब ॲप मराठीत चालतं. बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ फोन धरायचा, एका वेळी एकानेच बोलायचं. पण ते वाचता येणाऱ्याच्या कामाचं. बऱ्याच कर्णबधिरांचं मराठी कानावाटे आलेलं नसतं, त्यामुळे त्यांचं लिखाण ‘मी उद्या नाही येणार ताप’ असं असतं आणि आपली लांबलचक वाक्यं त्यांना जड जातात. त्यांच्या बुद्धीचा याच्याशी संबंध नाही. तुम्ही लिहाल तेव्हा लहान वाक्यं, तारीख आकड्यात, ‘नसल्याशिवाय’सारखी दुहेरी नकाराची भानगड नको.

बँकेत फोनवरून येणाऱ्या खात्रीच्या कॉलऐवजी एसएमएस आणि ईमेल लावून घ्या. व्हिडिओ केवायसीत अडवलं तर सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५ चा निकाल दाखवा. दिव्यांगांना डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात म्हटलं आहे. आणि ओटीपी ‘मी बघतो रे तुझं’ म्हणणाऱ्या भावालासुद्धा द्यायचा नाही. सोय म्हणून सुरू झालेलं हे बघणं पुढे खातं ताब्यात घेण्यावर जातं.

अडीअडचणीसाठी ११२ इंडिया हे सरकारी आपत्कालीन मदतीचं ॲप आधीच उतरवून घरच्यांचे नंबर भरून ठेवा. फोनमध्ये एक तयार संदेश ठेवा: ‘मी कर्णबधिर आहे. फोनवर बोलू शकत नाही. मला मदत हवी. माझं ठिकाण हे.’ लैंगिक अत्याचाराची तक्रार असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दिव्यांग पीडितेचं म्हणणं तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकांच्या समोर आणि व्हिडिओ चित्रण करून नोंदवायचं असतं. चौकीत ‘घरच्या कोणाला बोलवा, ते सांगतील’ म्हणाले तर ऐकू नका. त्रास देणारा घरचाच असू शकतो. न्यायालयातही दुभाषी घेता येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयासमोर उभ्या राहिल्या.

नोकरी

सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के दिव्यांग आरक्षणात १ टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. अर्ज भरतानाच ‘मुलाखतीला दुभाषी हवा’ असं लिहा. खासगीत २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला समान संधीचं धोरण लेखी ठेवावं लागतं. रुजू होताना ते मागून घ्या.

मुंबईत मिरॅकल कुरिअर्सने कर्णबधिर मुलांना घेऊन कुरिअरचा धंदा उभा केला, आणि ही मुलं पत्ता, नकाशा, वेळ सांभाळून काम चोख करतात हे दाखवलं. माझी तक्रार वेगळी आहे. कर्णबधिरांना नोकरी मिळते ती पॅकिंगची, डेटा भरण्याची, आणि दहा वर्षांनीही तीच असते, कारण बढतीच्या गोष्टी चहाच्या टपरीवर ठरतात. सहकारी म्हणून तुमच्या हातात एवढं आहे: बैठकीचा विषय आदल्या दिवशी लिहून पाठवणं, बैठकीत बोलण्याआधी हात वर करणं, ठरलेलं लगेच ग्रुपवर टाकणं, आणि टपरीवर त्यालाही नेऊन तिथलं बोलणं तिथेच टंकून दाखवणं.

सोसायटी, सण, सिनेमा

सोसायटीच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज बंद करा, निदान खाली एक ओळ लिहा. ‘पाणी येणार नाही’ हे वॉचमन ओरडून सांगतो, त्याची सूचना लिफ्टपाशीही लावा. इंटरकॉम असलेल्या इमारतीत वॉचमनकडे त्यांचा मेसेजचा नंबर हवा.

गणपतीत आरती चालू असते, कर्णबधिर मूल झांज घेऊन ताल सुटू न देता उभं असतं, आणि शब्द काय आहेत हे त्याला कोणीच कधी सांगितलेलं नसतं. सणाच्या आधी एका संध्याकाळी गोष्ट सांगून ठेवा: कोण हा देव, दुर्वा का, विसर्जन का. लग्नात हॉलच्या कोपऱ्यात बसवू नका, भटजी आणि वधूवर दिसतील अशी जागा द्या आणि शेजारी खुणा येणारं माणूस. कर्णबधिर पाहुणे आठ-दहा असतील तर त्यांना एक टेबल एकत्र द्या. ते सगळ्यांत शेवटी हॉल सोडतील.

मराठी चित्रपट घरी बघताना बहुतेक वेळा सबटायटल इंग्रजीच असतात. मराठी शाळेत शिकलेल्या कर्णबधिर प्रेक्षकाला आपल्याच भाषेतला सिनेमा परका राहतो. प्लॅटफॉर्मवर अभिप्रायाची सोय असते, ‘मराठी सबटायटल द्या’ असं प्रत्येकाने लिहावं.

नकार मिळाला तर

आधी लेखी विनंती, तारखेसकट, पोच घेऊन. सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. नोंदलेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हायला हवी. तिथे समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती, त्यानंतर पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे. अर्जात रडगाणं नको, चार गोष्टी हव्यात: काय मागितलं, कधी, कोणाकडे, काय उत्तर मिळालं. ‘२०१६ च्या कायद्यातील वाजवी सोयीच्या तरतुदीनुसार’ हे शब्द घाला आणि नेमकं काय हवं ते लिहा: ‘बाह्यरुग्ण विभागात क्रमांक दाखवणारा फलक लावावा’, ‘सुनावणीला दुभाषी द्यावा’. अर्ज कर्णबधिर व्यक्तीच्या नावाने आणि सहीने जाऊ द्या. मसुदा तुम्ही लिहिलात तरी पाठवण्याआधी त्याचं प्रत्येक वाक्य खुणांनी सांगा आणि तो बदल सुचवेल ते करा. सुनावणीला तोच पुढच्या खुर्चीवर बसेल, दुभाषी अधिकाऱ्यांच्या बाजूला, आणि तुम्ही मागे.